गॅरेजातला रवंथ

बेकीने पहिल्याच भेटीत मला हाकलून दिलं होतं.

आमच्या वेस्ट विंडसरच्या घरांमागे पावसाचं पाणी साठवायचं एक तळं आहे. त्याच्या काठाने काटेरी रानगुलाब आणि अंगाला खाज आणणाऱ्या पॉयझन आयव्हीचं इतकं रान माजलं की आमच्या वसाहतीच्या असोसिएशनने ते साफ करायला भाड्याने शेळ्या आणल्या. इथे शेळ्या भाड्याने मिळतात. ट्रेलरमधून येतात, जाळीचं कुंपण लागतं आणि आत त्या रान खात राहतात. मी सकाळी फिरायला गेले तर समोर हा सोहळा. कितीतरी वर्षांत इतक्या जवळून लेंड्यांचा वास घेतला नव्हता. मी भारावून जाळीला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

"मॅम, त्यात करंट आहे. प्लीज मागे व्हा," म्हणत एक उंच, रापलेली बाई धावत आली. हीच बेकी.

मी हात झटकत म्हटलं, "त्या तपकिरी शेळीचं मागचं खूर वाढलंय."

"माहितीये. उद्या कापणार आहे. तुम्ही कोण?"

"मी गुरांची डॉक्टर. रिटायर्ड."

"मग कुंपणाला हात लावायचा नसतो हे तुम्हाला माहीत असायला हवं," ती म्हणाली आणि मला वाटेला लावलं.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी कॉफी घेऊन गेले. त्या उन्हाळ्याच्या अखेरीस मी बेकीची बिनपगारी गुराखीण झाले होते. ती दुसऱ्या कामांवर जाई तेव्हा मी तळ्याकाठी घडीची खुर्ची टाकून बसे, पाणी बघे, कुंपणाची बॅटरी बघे आणि मॉर्निंग वॉकवाल्यांना "त्यांना काही घालू नका" हे दोन भाषांत सांगे. माझी लेक केतकी इथल्या एका औषध कंपनीत आहे. ती मैत्रिणींना सांगायची, "आईने जॉब घेतलाय. शी इज इन सिक्युरिटी."

आता माझ्याबद्दल, थोडक्यात. मी फलटणची. मुंबईत गुरांची डॉक्टरकी शिकले, लग्न झालं, नवऱ्याची नोकरी डेहराडूनला म्हणून तिकडे गेले आणि तिथे शिवालिकच्या डोंगरांत एका चारा-विकास योजनेत मला काम मिळालं. काम कोणामध्ये, तर गुज्जरांमध्ये. हे जंगलात राहणारे, म्हशी पाळणारे भटके लोक. हिवाळाभर पायथ्याच्या रानात गवती छपरांच्या डेऱ्यात राहायचं, उन्हाळा लागला की म्हशींसकट चालत हिमालयात वरच्या कुरणांवर जायचं, थंडी पडायच्या आत खाली यायचं. शेती नाही. म्हशी काय खातात, तर झाडांचा पाला. पुरुष अनवाणी झाडाच्या शेंड्यापर्यंत चढतात आणि डहाळ्या तोडून खाली टाकतात. शेंडा मात्र ठेवायचा, नाहीतर झाड पुढच्या वर्षी रुसतं. त्यांची बाकली म्हणजे आपला धावडा, त्यांची सैन म्हणजे आपला ऐन. ही ओळख पटली तेव्हा मला परमुलुखात माहेरची माणसं भेटल्यासारखं झालं होतं.

पण ते नंतर. आधी मी गेले ती कशी, हे सांगायला हवं. कडक इस्त्रीचा पांढरा कोट, गुडघ्यापर्यंत गमबूट आणि काखेत गुंडाळलेला भलाथोरला तक्ता. तक्त्यावर रंगीत चित्रांत मुरघास कसा करावा, म्हणजे हिरवा चारा खड्ड्यात दाबून कसा टिकवावा, ते दाखवलेलं. जंगलात खड्डा खणायला बंदी आहे हे योजनेत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. मी तो तक्ता डेऱ्याच्या खांबाला टांगला आणि आकाशवाणीच्या हिंदीत सुरू झाले: "बहनो, पशुओं को संतुलित आहार देना अत्यंत आवश्यक है." बहिणी तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. मला वाटलं, चांगलं चाललंय. मागून फर्रर्र असा आवाज आला. एका म्हशीने मुरघासाचा अर्धा खड्डा खाल्ला होता आणि ती उरलेल्यासाठी मान लांबवत होती. कागद खळीने चिकटवलेला, तिला गोड लागला असणार.

तेव्हा पुढे बसलेली एक नाकेली, हिरव्या डोळ्यांची बाई शांतपणे म्हणाली, "डॉक्टरनी, तेरी किताब तो भैंस को पसंद आ गई. कल दूसरी ले आना."

ती जन्नतबी. वयाने माझ्याएवढीच, पण तेव्हाच दोन लेकरांची आई आणि आजूबाजूच्या डेऱ्यांमधली जनावरांची जाणती. पुढची कितीतरी वर्षं आम्ही दोघी एकमेकींना चिडवत एकत्र काम केलं. लोकांना वाटतं, जंगलातली बाई सगळं बरोबर सांगत होती आणि शिकलेली बाई चुकत होती. तसं काही नव्हतं. जन्नतबी लंगड्या जनावराला तापल्या लोखंडाने डाग द्यायची, ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. गुरांच्या घटसर्पाची लस टोचायला तिच्या दिराने एक वर्षभर मला डेऱ्याच्या आसपास फिरकू दिलं नाही, आणि मग तो रोग आला तेव्हा ज्यांनी टोचून घेतलं होतं त्यांच्याच म्हशी उरल्या. त्या दिवशी जन्नतबीने माझ्यासाठी लोणी काढून ठेवलं होतं. उलट मोडलेल्या पायाला बांबूच्या कामट्या आणि झाडाची साल बांधून ती जे काही करायची, ते मी प्लास्टर लावून करू शकले नाही. प्लास्टर पहिल्या ओढ्यात विरघळायचं. तर असा आमचा हिशेब बरोबरीत सुटलेला होता.

आता वसुबारस.

आमच्या इथल्या मंडळाची सेक्रेटरी शिल्पा. नागपूरची, एका बँकेच्या आयटीत आहे, चार माणसांचं काम एकटी करते आणि आठ माणसांना कामाला लावते. तिने तळ्याकाठी गाडी थांबवली, काच खाली केली.

"काकू, काय करून राहिल्या?"

"रवंथ."

"ऐका ना. या वीकेंडला वसुबारस करू. मुलांनी गाय-वासरू फक्त इमोजीत पाहिलंय. गाय तर नाही, पण शेळी चालेल का हो?"

"शेळीला चालतंय का ते विचार."

शेळी म्हणजे मेबेल. कळपातली म्हातारी, एक कान चिरलेला, दाढी माझ्या मोठ्या दिरांसारखी. बेकीच्या सगळ्या धंद्याचा ती कणा. मेबेल ट्रेलरच्या फळीवरून चढली की बाकीच्या चढतात, मेबेल उतरली की उतरतात. ती नसेल तर तासभर नुसता गोंधळ. तिच्याबरोबर एक तरुण शेळी असायची, पेपर नावाची, तिची नात. पूजेला गाय-वासरू म्हणून या आजी-नातीची निवड झाली. बेकीला विचारलं. ती म्हणाली, "फुलं खातील, चालेल. बाकी तू आहेसच."

मी होतेच. शनिवारी दुपारी तळ्याकाठी अख्खं मराठी वेस्ट विंडसर जमलं. जवळच्या पिस्कॅटवेहून पोरंपोरी आली, भरजरी साड्यांवर जॅकेटं आली, पानांचे पिवळे-तांबडे रंग फोटोंच्या मागे आले. पूजा झाली, मेबेलने स्वतःचा हार खाल्ला, आणि मग शिल्पाने माझ्या हातात माइक दिला. "काकू आपल्याला अ‍ॅनिमल्सबद्दल दोन शब्द सांगतील."

दोन शब्दांवर माझं कधी भागलं आहे? मी कळपाकडे पाठ करून उभी राहिले आणि गुज्जरांपासून सुरुवात केली. शेळी-म्हशीचं पोट म्हणजे काय, ते सांगितलं. चार कप्पे, त्यातला पहिला, डाव्या कुशीतला, सर्वांत मोठा. त्याला आपल्याकडे कोटीपोट म्हणतात. ते म्हणजे इडलीच्या पिठाचं पिंप. आत कोट्यवधी सूक्ष्म जीव पाला आंबवत बसलेले असतात. जनावर पालाच खातं, पण जगतं त्या जिवांच्या जोरावर. त्यांना पाला-गवताची सवय. त्यांच्यावर एकदम धान्य ओतलं तर पीठ असं फसफसून आंबतं की ते जीव स्वतःच त्या आंबटात मरतात, आणि मग जनावरही. "म्हणून," मी माइकमध्ये खणखणीत म्हणाले, "प्रेमापोटी धान्य घालू नये."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वळले. माझ्या पाठीमागे, मी बोलत होते तेवढ्या वेळात, मंडळींनी गोग्रास घातला होता.

आपण देवापुढे आणि गाईपुढे रिकाम्या हाताने जात नाही. प्रत्येक घरातून बाजरीची भाकरी आली होती, कोणी गूळ-भात आणला होता, कोणी भिजवलेले गहू, आणि एका आजीबाईंनी तर पुरणाचा डबाच जाळीवरून आत उपडा केला होता. मुलं टाळ्या पिटत होती. बाकीच्या शेळ्या गर्दीला बुजून लांब होत्या. पुढे कोण, तर पुढे राहायची सवय असलेली मेबेल. ती शेवटच्या भाकरीचा शेवटचा तुकडा जमिनीवरून टिपत होती आणि तिच्या दाढीला पुरण लागलं होतं.

मला तक्ता आठवला. वाटलं, मी अजून तीच बया आहे, फक्त कोट गेला आणि स्वेटर आला. त्या दिवशी निदान म्हैस कागद खात होती.

संध्याकाळपर्यंत मेबेल मान खाली घालून उभी राहिली. डावी कूस ढोलासारखी, दात करकर वाजवणं सुरू. मी मूठ त्या कुशीच्या खळगीत दाबली. धडधाकट जनावराचं कोटीपोट मिनिटा-दोन मिनिटांनी मुठीखाली वळतं, लांबून ढग वाजल्यासारखं. इथे काही नव्हतं. नुसती पाण्याची पिशवी.

बेकी आली, तिच्यामागोमाग तिचा डॉक्टर आला. तरुण मुलगा, हात चांगला. त्याने घशातून नळी घालून आंबलेलं बाहेर काढलं, सोडा घातला, शिरेतून पाणी चढवलं. मी आधीच तिच्या तोंडात लगामासारखी आडवी काठी बांधून ठेवली होती. जनावर काठी चघळत राहतं, लाळ सुटते, आणि लाळ म्हणजे देवाने दिलेला सोडाच. ही गुज्जरांची रीत. त्याने काठी पाहिली आणि म्हणाला, "गुड. राहू दे."

मग तो बेकीला बाजूला घेऊन बोलला. बेकी ट्रेलरच्या पायरीवर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"जीव वाचला तरी पोट चालू व्हायला हवं," ती म्हणाली. "नाही झालं तर संपलं. तो म्हणतोय, तिला हलवू नका. मला उद्या बाकीच्यांना घेऊन दुसऱ्या गावी पोचायचंय. अँड आय विल टेल यू, मेबेल गेली तर मी या गावात परत ट्रेलर आणणार नाही. तुझ्यावर राग नाही. पण नाही आणणार."

मी म्हटलं, "आमच्या गॅरेजात ठेव."

केतकी तेव्हाच ऑफिसच्या कॉलवरून उठून आली होती. "आई. गॅरेजमध्ये शेळी?"

"गाडी बाहेर लाव."

"असोसिएशनच्या रूल्समध्ये..."

"रूल्समध्ये कुत्रा, मांजर आणि पक्षी लिहिलंय. शेळीबद्दल अवाक्षर नाही. मी वाचलंय."

"तू रूल्स कधी वाचलेस?"

"म्हशीचा विचार करत होते तेव्हा."

केतकीने गाडी बाहेर लावली. माझी नात ईरा पायऱ्यांवर उभी राहून विचारत होती, "आज्जी, इज शी गोइंग टू डाय?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." लेकराने तेवढ्यावर समाधान मानलं. मोठ्यांना ते जमत नाही.

शेळी एकटी ठेवली तर झुरते, म्हणून बेकीने पेपरला मागे ठेवलं. सोफ्याचं जुनं खोकं, गवताच्या पेंढ्या, बर्फ सारायची फावडी, ख्रिसमसचे दिवे आणि या सगळ्याच्या मधोमध मेबेल. डॉक्टरचं औषध लागू पडलं होतं. सूज उतरली, दात वाजायचे थांबले. पण मुठीखाली काही हलेना. ती बसून भिंतीकडे बघायची. मरायला निघालेलं जनावर कसं बघतं ते मला माहीत आहे. ते आपल्याकडे बघत नाही.

पिंपातलं विरजण मेलं होतं. औषधाने आंबटपणा जातो, विरजण येत नाही. ते दुसऱ्या जिवंत पोटातूनच आणावं लागतं. डॉक्टर लोक ते नळीने करतात. आमच्या पुस्तकातही होतं, एका परिच्छेदात, आणि मी तो परिच्छेद पाठ करून परीक्षेत मार्क मिळवले होते. हाताने करताना पहिल्यांदा पाहिलं ते जन्नतबीला. तिची नूरी नावाची म्हैस अशीच गप्प झाली होती. जन्नतबी दुसऱ्या एका रवंथ करणाऱ्या म्हशीशेजारी जाऊन बसली, जणू तिथे सहजच आलीय. मानेतून गोळा वर चढताना दिसला की तिने म्हशीच्या गालाच्या कोपऱ्यातून हात घातला, तो हिरवा गरम गोळा उचलला आणि उठून नूरीच्या तोंडात कोंबला. म्हैस तोंड उघडं टाकून बघत राहिली, गर्दीत पाकीट मारलेल्या माणसासारखी.

मी म्हटलं, "मी करते." मी गेले, म्हशीला गोंजारलं, पुस्तकी हिंदीत तिची परवानगी मागितली, मग हात घातला. तिने तोंड मिटलं. म्हशीला वरच्या पुढच्या दातांच्या जागी नुसती गादी असते हे मला ठाऊक होतं. दाढा असतात हेही ठाऊक होतं, पण ते त्या क्षणी नीट समजलं. जन्नतबी हसून हसून जमिनीवर बसली. "माँगने से जुगाली नहीं मिलती, डॉक्टरनी. छीननी पड़ती है."

मी बेकीच्या डॉक्टरला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "नळी घेऊन यायला मला उद्या दुपार होईल. तुमचा हात बसतोय का? मग करा." पेपर मजेत बसून रवंथ करत होती. मी तिच्याजवळ स्टुलावर बसले आणि भिंतीवरच्या सायकलींकडे बघत राहिले. केतकी दारातून म्हणाली, "आई, व्हॉट आर यू..." मी तिला हाताने गप्प केलं. गोळा चढला, मी हात घातला, काढला आणि मेबेलच्या जिभेमागे सारून तिचं तोंड मिटून धरलं. तिने गिळलं. पेपरने माझ्या अंगठ्याला प्रसाद दिला तो दिला. हा उद्योग मी पुन्हा पुन्हा केला, आणि दर खेपेला पेपर मला बघून तोंड घट्ट मिटायला शिकत गेली. केतकी निघून गेली होती. थोड्या वेळाने परत आली, स्वयंपाकाचे रबरी हातमोजे घेऊन. ते दाढांसमोर टिकत नाहीत, पण मी घातले.

दुसऱ्या सकाळी मुठीखाली काहीतरी सरकलं. इतकं हलकं की माझीच नाडी असेल असं वाटलं. मी थांबले. पुन्हा सरकलं.

पण विरजण नुसतं घालून भागत नाही, वर दूध लागतं. मेबेलने काही खाल्लं नाही तर आत आलेले जीवही उपाशी मरणार. उत्तम प्रतीचं गवत पुढे ठेवलं, तिने मान फिरवली. अशा वेळी जन्नतबी तर्क करत बसायची नाही. ती मुलांना पाठवून जनावराला चालणाऱ्या दिसेल त्या झाडाची एकेक डहाळी आणवायची आणि ओळीने धरायची. "बीमार से पूछो. उसे पता है."

म्हणून शिल्पाला बोलावलं. तिला कुठल्या तरी शिक्षेची गरज होतीच. बिचारी पूजेनंतर मंडळाच्या ग्रुपवर एक अक्षर बोलली नव्हती. तिच्या भल्याथोरल्या गाडीत मी पुढे बसले, मांडीवर केतकीची फुलं कापायची कात्री.

"काकू, लेफ्ट की राइट?"

"जिकडे झाड दिसेल तिकडे."

"सगळीकडेच झाडं आहेत हो."

"चेरी नको, सुकली की विष होते. ती चकचकीत पानांची झुडपं, अझेलिया, तीही नकोत, शेळी आडवी होते. तो विलो बघ. थांब."

"काकू, हे कोणाचं तरी फ्रंट यार्ड आहे."

"मग तू हॉर्न वाजवू नकोस."

विलो मिळाला, एल्म मिळाला, मेपल मी जाताजाता तोडला आणि कोवळा नाही म्हणून टाकून दिला. ग्रंथालयामागच्या कुंपणात एक झाड होतं, पानं अजून हिरवी, एकाच फांदीवर वेगवेगळ्या आकारांची. मी ओळखलं, पण हातात घेऊनही खात्री होईना. इतक्या वर्षांनी माणसाचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वास उठतो.

ही पानं कोणाला तरी दाखवावीशी वाटली. कोणाला तरी म्हणजे तिलाच. जन्नतबीला शेवटची भेटले त्याला बरीच वर्षं झाली. सरकारने जंगलातून उठवून त्यांना पायथ्याशी सपाटीवर वसवलं, तिथे. एका ओळीत पक्की घरं, दारात हापसा, खुंट्याला बांधलेल्या दोन म्हशी आणि पुढ्यात विकतचा भुसा. ती उंबऱ्यावर बसली होती. मी विचारलं, कशी आहेस. म्हणाली, घरात पंखा आहे. एवढंच. नंतर माझा नवरा गेला, मी इकडे आले. तिच्या नातवाचा नंबर फोनमध्ये होता, तो दुधाची गाडी चालवतो. मी तो कधी लावला नव्हता. लावला आणि तिकडून कोणी सांगितलं असतं की ती नाही, तर मी काय करणार होते? नंबर असेपर्यंत ती असतेच, असा माझा मूर्ख हिशेब.

गॅरेजात मेबेलपुढे खुर्ची टाकली, डहाळ्या मांडल्या आणि व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती. नातवाने मला ओळखलं नाही, मग ओळखलं, मग फोन हलला, छत दिसलं, पंखा दिसला, आणि मग अगदी जवळून एक हिरवा डोळा.

"कौन?"

"डॉक्टरनी."

डोळा लांब गेला, चेहरा झाला. सगळा सुरकुतलेला, नाक तेवढं तसंच. तिने मला न्याहाळलं आणि ती म्हणाली, "बूढ़ी हो गई तू."

"और तू?"

"मैं तो पहले से थी." मग तिची नजर माझ्या खांद्यामागे गेली. "वो क्या है? बकरी?" आणि तिला खोकला येईपर्यंत हसू फुटलं. म्हशीवाल्या गुज्जरांत शेळ्या पाळणारे म्हणजे धाकटी पाती. "हाय, डॉक्टरनी बकरीवाली हो गई. इतनी दूर जाके."

मी तिला सगळं सांगितलं. भाकऱ्या, पुरण, चोरलेला रवंथ. ती मधेमधे "हूं" म्हणत होती. मग मी एकेक डहाळी कॅमेऱ्यापुढे धरली. विलोकडे बघून तिने होकाराची मान हलवली, एल्म तिला अनोळखी. तिसरी धरली.

"ये तो तूत है," ती म्हणाली. "तेरे वहाँ तूत है?"

तुतीच. मला तेवढंच कोणाकडून तरी ऐकायचं होतं.

"दे उसको. हाथ से मत ठूँसना. पास रख, और मुँह फेर ले."

मी डहाळी मेबेलच्या नाकाशी धरली आणि तोंड फिरवलं. आधी ओठांचा आवाज आला, मग पान तुटल्याचा. मी वळले नाही. डहाळी हातातून ओढली गेली. मग जन्नतबी, जिला माझ्या खांद्यावरून सगळं दिसत होतं, हळूच म्हणाली, "खा रही है. पूरी खा रही है."

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही फोन बंद केला नाही. तिची नातसून मधे येऊन चार्जर लावून गेली. मेबेलने तुती संपवली, विलो अर्धा खाल्ला आणि डोळे मिटून बसली. आणि मग तिच्या मानेतून खालून वर एक गोळा चढला, अगदी सावकाश, आणि जबडा डावीउजवीकडे फिरू लागला. मी बेकीला मेसेज केला. तिने नुसता ट्रेलरचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, वसंतात परत आणते.

"रुक," मी जन्नतबीला म्हटलं, "बाहर से इसके लिए पानी लाती हूँ." फोन हातातच होता. मी गॅरेजचं दार वर केलं आणि ड्राइव्हवेवर आले. नळाकडे वाकले तेवढ्यात ती म्हणाली, "वो क्या है? उधर. सड़क पे."

मी फोन वळवला. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना, प्रत्येक घरासमोर, कमरेएवढे पानांचे ढीग लागलेले होते. पलीकडे एक माणूस पाठीला यंत्र लावून उरलेली पानं हवेने ढकलत होता.

"पत्ते," मी म्हटलं.

"किसके?"

"सबके. पेड़ों के."

"कौन ले जाएगा? कौन सा डेरा है उधर?"

"डेरा नहीं है. सरकारी गाड़ी आएगी, उठाके ले जाएगी."

"किसके जानवर को?"

मी फोन पुढच्या ढिगाकडे धरला. मग तिलाच समजलं, कोणाच्याच नाही. यंत्राचा आवाज चालू होता.

"सूखे हैं," ती म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखी. "पर बिछाने को तो हैं. और नीचे गीले होंगे, वो खा लेती. घुमा के दिखा. धीरे."

मी चालायला लागले. फोन बाहेरच्या बाजूला धरून, एकेका ढिगापाशी थांबत. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, आवाज येत होता. पहिल्या ढिगापाशी ती म्हणाली, "ये नूरी का." नूरी जाऊन किती काळ लोटला होता. दुसऱ्यापाशी, "ये काली का." तिसऱ्यापाशी, "ये उस पागल का, जिसने तुझे नाले में गिराया." मी हसले नाही. ती एकेका म्हशीला तिचा वाटा घालत गल्लीतून निघाली होती, आणि प्रत्येक म्हैस मला माहीत होती, शिंगांसकट.

समोरच्या दारातून केतकीने हाक मारली, "आई, जॅकेट." मी हाताने थांब म्हटलं.

गल्ली संपली तिथे मी उभी राहिले. पुढे मोठा रस्ता आणि त्याच्याही कडेने तसेच ढीग, लांबवर, वळणापर्यंत.

फोनमधून ती म्हणाली, "खड़ी क्यों है? आगे चल."